जनसुनावणीपासून एनजीटीपर्यंत : हरकत कशी नोंदवायची आणि तारखा कशा सांभाळायच्या

गावाजवळ खाण येतेय, केमिकलवाला प्लांट वाढवतोय, खाडीत भराव पडतोय, असं काही कानावर आलं की गावच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो "आंदोलन करायचं का?" असा. करा की, कोण नाही म्हणतंय. पण त्याच्या आधी एक लेखी हरकत द्या आणि तिच्या ओसीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर घ्या. पर्यावरणाच्या केसेस तत्त्वावर हरल्याचं फार कमी बघितलंय, त्या हरतात तारखेवर आणि पोच नसलेल्या कागदावर. मी वकील नाही, लोकांना कागद लावून द्यायला मदत करतो, तेव्हा इथे कोर्टातला किंवा एनजीटीतला (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पर्यावरणाच्या वादांसाठीचं) युक्तिवाद नाही तर त्याच्या आधी काय काय करून ठेवायचं ते सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या की हे आत्ताच एवढं महत्त्वाचं का झालंय. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये पूर्वी उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. प्रत्यक्षात किती जण आत गेले ते सोडा, पण निदान कंपनीच्या माणसाला नोटिशीची भीती तरी वाटायची. जनविश्वास कायद्यानं १ एप्रिल २०२४ पासून ती कैद बऱ्याच अंशी गेली आणि त्या जागी १० हजार ते १५ लाखांपर्यंतचा दंड आला, तोही कोर्ट नाही तर एक अधिकारी चौकशी करून लावणार. पंधरा लाख म्हणजे मोठ्या कारखान्याला काय, चहापाण्याचा खर्च.

दुसरं म्हणजे ते "आधी बांधा, मग परवानगी घ्या" प्रकरण. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी साफ सांगितलं होतं की काम सुरू करून नंतर पर्यावरण मंजुरी घ्यायची पद्धत चालणार नाही, अशा मंजुरीला वाट देणारी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चं कार्यालयीन ज्ञापन दोन्ही रद्द. लोकांनी पेढे वाटले. आणि १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दोन विरुद्ध एक असा तोच निकाल मागे घेतला, विषय पुन्हा नव्यानं ऐकायला ठेवला. विरोधात मत देणारे एकटे न्या. भुयान. म्हणजे एकदा बिल्डिंग उभी राहिली, प्लांट चालू झाला की "आता पाडणार कसं, एवढा पैसा लागलाय" हा मुद्दा समोरच्याच्या हातात जातो. म्हणून जे करायचं ते वीट लागायच्या आधी.

प्रकल्प कुठल्या खान्यात बसतो ते आधी बघा

सगळं १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) अधिसूचनेवर चालतं. अ वर्ग म्हणजे दिल्लीचं मंत्रालय मंजुरी देणार, ब वर्ग म्हणजे राज्याचं प्राधिकरण, आपण ज्याला सिया म्हणतो ते. ब मध्ये परत ब१ आणि ब२. ब२ असेल तर ईआयए अहवालही नाही आणि जनसुनावणीही नाही. बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी नाही, रीतसर मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लॉटवरच्या कारखान्यालाही सूट मिळते. त्यामुळे एमआयडीसीत नवा युनिट येतोय आणि "आमची सुनावणी का नाही घेतली" म्हणून भांडत बसण्यात महिने घालवू नका, त्या वसाहतीला मंजुरी कधी आणि कुठल्या अटींवर मिळाली तो कागद मागा, भांडायला जागा तिथे सापडते.

हे सगळं परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर दिसतं. प्रकल्पाचं नाव, कंपनीचं नाव किंवा जिल्हा टाकून शोधा. पोर्टल कधी उघडतं कधी नाही, पीडीएफ अर्धवट डाउनलोड होते, रात्री उशिरा ट्राय करा. जे मिळेल ते लगेच सेव्ह करा, नंतर बघू म्हणू नका. उतरवायच्या गोष्टी : फॉर्म १ म्हणजे कंपनीचा मंजुरीसाठीचा अर्ज, टीओआर म्हणजे अभ्यासात काय काय बघायचं त्याच्या अटी, मसुदा ईआयए आणि प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. पोर्टलवर नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रामायण लिहू नका. "अमुक कंपनीला दिलेल्या संमतीपत्राची व त्यानंतरच्या सर्व पाहणी अहवालांची प्रत" एवढंच (संमतीपत्र म्हणजे कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळानं दिलेली परवानगी). दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

फॉर्म १ आणि ईआयए अहवाल कसा वाचायचा

सातशे पानं बघून घाबरू नका. सगळं वाचायचं नसतंच. फॉर्म १ मध्ये एक भाग असतो त्यात आजूबाजूला काय आहे ते विचारलेलं असतं : जंगल, पाणथळ जागा, नदी-ओढे, अभयारण्य, शाळा, दवाखाने, दाट वस्ती. तिथे कंपनीनं काय भरलंय ते बघा आणि गावच्या नकाशाशी, सातबाऱ्याशी ताडून बघा. "निरंक" लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा, तिथे माल आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. गोव्याच्या मोपा विमानतळाचं उदाहरण घ्या. हनुमान लक्ष्मण आरोसकर विरुद्ध भारत सरकार, २९ मार्च २०१९ चा निकाल. फॉर्म १ मध्ये आसपासची राखीव जंगलं, पाणथळ जागा, संवेदनशील क्षेत्रं नीट सांगितलीच नव्हती, आणि सुप्रीम कोर्टानं मंजुरी स्थगित ठेवून तज्ज्ञ समितीला परत सगळं तपासायला लावलं. पुढे जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ झाला हेही खरं. पण झाला तो त्या अटी पाळायचं बंधन घेऊन, आणि त्या अटी आल्या त्या कोणीतरी फॉर्मवरचा एकेक रकाना तपासला म्हणून. अधिसूचनेतच लिहिलंय की माहिती मुद्दाम लपवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीसुद्धा रद्द करता येते. हे कलम हरकतीत लिहायचंच.

मग अहवालाकडे या. त्यात दहा किलोमीटर परिघातल्या हवा-पाण्याचे नमुने, झाडं, पक्षी वगैरे असतात. आपल्या गावची विहीर त्यात आहे का, असेल तर कुठली, कोणत्या महिन्यात पाणी घेतलं, हे विहीर मालकाला जाऊन विचारा. कित्येकदा मालकाला पत्ताच नसतो की त्याच्या विहिरीचा नमुना घेतलाय. प्राणी-पक्ष्यांच्या यादीत आपल्याकडे नसलेली नावं आहेत का, आणि आपल्याकडे रोज दिसणारी गायब आहेत का तेही बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर उचलून टाकलेला सापडला होता, त्यामुळे कॉपी-पेस्टची शंका घेण्यात काही पाप नाही. गावातले म्हातारे, गुराखी, मच्छीमार यांना घेऊन बसा आणि यादी मोठ्यानं वाचून दाखवा, एका संध्याकाळीत जेवढ्या चुका निघतात तेवढ्या तज्ज्ञाला महिनाभरात निघणार नाहीत.

जनसुनावणी

सुनावणीची नोटीस एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळायला हवेत. २०२० च्या ईआयए मसुद्यात हेच दिवस २० वर आणायचा घाट होता, आणि तो मसुदा सुरुवातीला फक्त इंग्रजी-हिंदीत, शेवटी दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. तो मसुदा बारगळला, २००६ चीच अधिसूचना चालू आहे, तेव्हा ३० दिवस धरूनच चालायचं. पेपरात जाहिरात आली त्या दिवसाचं पूर्ण पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको, वर तारीख दिसली पाहिजे.

नोटीस निघाली की मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, पंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवावा लागतो, सारांश मराठीत हवा. ग्रामपंचायतीत जाऊन बघा खरंच ठेवलाय का. नसेल तर त्याच दिवशी ग्रामसेवकाला लेखी द्या की अमुक तारखेला आलो, अहवाल उपलब्ध नव्हता, आणि पोच घ्या. ग्रामसेवक पोच द्यायला कां-कूं करतात, "साहेबांना विचारतो" म्हणतात. मग स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती हरकतीच्या कागदालाच स्टेपल करा. दिसायला किरकोळ वाटतं पण पुढे सुनावणीची प्रक्रियाच चुकली हे सांगायला हाच कागद लागतो.

हरकत लेखी द्या, दोन-तीन पानांची, मुद्दे नंबर टाकून. "हा प्रकल्प विनाशकारी असून आम्ही त्याचा तीव्र निषेध करतो" या वाक्याला शून्य किंमत. त्याऐवजी असं : "अहवालाच्या पान १४२ वर नदी ३.५ किमी अंतरावर दाखवली आहे, गाव नकाशानुसार ती गट क्रमांक अमुकपासून ६०० मीटरवर आहे, नकाशा जोडला आहे, अर्जदाराने खुलासा करावा." याला उत्तर द्यावंच लागतं, कारण सुनावणीत आलेला प्रत्येक मुद्दा आणि त्यावर कंपनीचं म्हणणं याचं टिपण मराठीत आणि इंग्रजीत करून समितीपुढे जातं. समितीनं त्याकडे न बघता मंजुरी दिली तर अपिलातला पहिला मुद्दा तयार.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्ष अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खालचा नसावा, पूर्ण चित्रीकरण व्हायला हवं. बोलताना नाव, गाव सांगून मगच बोला. पहिल्या रांगेत कंपनीनं बसनं आणलेली माणसं असतात आणि माईक त्यांच्याचकडे फिरत राहतो, हे गृहीत धरून आपली बोलणारी माणसं लवकर जाऊन मंडपाच्या दोन-तीन कोपऱ्यांत बसवा, सगळे एकाच ठिकाणी बसलात तर "तिकडचं झालं" म्हणून पुढे जातात. दोन-तीन बायका बोलल्याच पाहिजेत, पाणी भरायला कोण जातं ते सगळ्यांना माहितीय. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही व्हायला लागते. लोक वडापाव खाऊन निघून जातात आणि नेमकं तेव्हा ते वाचलं जातं. थांबा. आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच उठून सांगा, आणि स्वतःच्या मोबाईलवरही रेकॉर्ड करा.

आता एक गोष्ट जी ऐकायला कार्यकर्त्यांना आवडत नाही. सुनावणी उधळून लावणं किंवा बहिष्कार टाकणं. भावना कळते मला, पण नियमात असं आहे की सुनावणीला कोरमच लागत नाही, म्हणजे तुम्ही नाही आलात तरी ती झालीच. आणि गोंधळामुळे लोकांना मोकळेपणी बोलता येत नाही असा अहवाल वर गेला तर वरचं प्राधिकरण सुनावणीशिवायच पुढे जायचं ठरवू शकतं. उधळणाऱ्यांनी कंपनीचंच काम सोपं केलं. बहिष्कारच टाकायचा असेल तर निदान आदल्या दिवशी सगळ्यांच्या लेखी हरकती मंडळाच्या कार्यालयात देऊन मग टाका.

मंजुरी मिळाली, आता घड्याळ सुरू

मंजुरी मिळाल्यावर कंपनीला सात दिवसांत दोन स्थानिक दैनिकांत जाहिरात द्यावी लागते, त्यातलं एक मराठी. मंजुरीपत्र वेबसाइटवरही टाकलं जातं. आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला मुदत किती, तर ३० दिवस, सबळ कारण दाखवलंत तर आणखी ६०. नव्वद संपले की संपलं, एक्याण्णवाव्या दिवशी कितीही चांगली केस असली तरी दार बंद. मुदत मोजतात ती मंजुरी पहिल्यांदा जाहीर झाल्यापासून, "मला माहिती अधिकारात कागद मिळाला त्या दिवसापासून" हे सहसा चालत नाही. म्हणून समितीनं शिफारस केल्याचं इतिवृत्तात दिसलं की रोज पोर्टल बघायची जबाबदारी कोणातरी एकाला द्या, कॉलेजातलं पोरगं बघा कोणीतरी.

कारखाना चालूच आहे आणि घाण सोडतोय, मग?

ही वेगळी वाट. इथे पहिली तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात, ईमेलवर आणि कागदावर दोन्ही. नाला लाल झालाय, मासे मेलेत, तर लोक आधी बाटलीत पाणी भरून घेतात आणि खाजगी लॅबकडे पळतात. भरा, उपयोग होतो, पण कारखान्यावर खटला चालवायला तो नमुना टिकत नाही. जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे नमुना अधिकाऱ्यानं कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यायचा असतो. त्यामुळे पाणी वाहत असतानाच फोन करा, मेल टाका, अधिकारी आले की चेंबर किंवा आउटलेट नक्की कुठलं ते दाखवा आणि पंचनाम्यावर आपल्या दोघांच्या सह्या घ्या. फोटोत लोकेशन आणि वेळ दिसेल अशी सेटिंग चालू ठेवा. टँकर रात्री येत असेल तर नंबर प्लेट.

माहिती अधिकारात मागायचं ते संमतीपत्र, जेव्हीएस म्हणजे मंडळानं कारखान्यात घेतलेल्या नमुन्यांचे निकाल, आणि बँक गॅरंटी कधी जप्त केली का त्याचा तपशील. मंडळाच्याच जेव्हीएस रिपोर्टमध्ये सीओडी, बीओडी (सांडपाण्यातल्या घाणीची मापं) मर्यादेच्या कितीतरी वर गेलेले सापडतात आणि कारवाई म्हणून नुसती कारणे दाखवा नोटीस. हा कागद सोन्यासारखा, कारण तो त्यांचाच आहे, नाकारता येत नाही. मंजुरीच्या अटींचा सहामाही अनुपालन अहवालही मागा, तो दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, बऱ्याच कंपन्या मागचाच अहवाल तारीख बदलून देतात.

मंडळ म्हणालं की "आम्हाला दंडाचा अधिकार नाही हो", तर ते आता चालणार नाही. ४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जल आणि वायू कायद्यांखाली मंडळं भरपाई वसूल करू शकतात. तक्रारीत हे एक वाक्य टाकायला विसरू नका.

एनजीटीचा अर्ज

महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात, कौन्सिल हॉलसमोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत. फायलिंग ऑनलाइन होतं, व्हिडिओवरून सुनावणी असते. अर्ज इंग्रजीत लागतो आणि मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागतं, हा आपल्या लोकांवर मोठाच अन्याय आहे, पण सध्या आहे ते असं आहे. फी साध्या अर्जाला १००० रुपये, भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या १ टक्का. उगाच पाचशे कोटी मागू नका, त्याची फी भरावी लागेल. स्वतः उभं राहता येतं, तरी एखादा वकील बरोबर असलेला बरा.

मुदत : वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर ६० दिवस. भरपाई किंवा नुकसान दुरुस्तीसाठी पाच वर्षं. प्रदूषण रोज चालूच आहे त्यामुळे मुदत रोज नवी सुरू होते असं म्हणता येतं, पण तेवढ्यावर भरोसा ठेवून बसू नका.

सगळेच विषय तिथे जात नाहीत, इथे लोक फार फसतात. एनजीटीकडे सातच कायदे आहेत : जल, जल उपकर (हा २०१७ मध्ये रद्द झाला), वायू, वन संवर्धन, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्यात नाही. वनहक्क कायदा नाही. शहरातली झाडं तोडण्याचा १९७५ चा राज्य कायदाही नाही. बिबट्याचा कॉरिडॉर किंवा रस्त्याकडेचे वड वाचवायचे असतील तर हायकोर्टाचा विचार करा. सीआरझेड (समुद्र-खाडीच्या किनारपट्टीचे नियम) मात्र बसतं, कारण ती अधिसूचना पर्यावरण कायद्याखालची.

प्रतिवादी म्हणून मंडळ, जिल्हाधिकारी यांच्याबरोबर त्या कंपनीला टाकलंच पाहिजे. लोक फक्त सरकारी खात्यांना करतात, एनजीटी समिती नेमते, समितीच्या अहवालावर दंड होतो, कंपनी सुप्रीम कोर्टात जाते की आम्हाला ऐकूनच घेतलं नाही, आणि आदेश रद्द होतो. अलीकडे हे वरचेवर झालंय. तसंच नुसत्या कंपनीच्या उलाढालीवरून ठरवलेला दंडही सुप्रीम कोर्टानं काही प्रकरणांत मानलेला नाही. म्हणून नुकसानीचा हिशेब आपणच द्या : किती विहिरी, किती एकर, टँकरचं पाणी किती महिने, दवाखान्याची बिलं, मासळीचं उत्पन्न किती घटलं. तलाठ्याचे पंचनामे जोडा.

वेळ लागतो हेही सांगून ठेवतो. तारापूरच्या प्रदूषणावर मांगेला समाजाच्या संघटनेनं २०१६ मध्ये धाव घेतली, मोठ्या भरपाईचा आदेश आला तो २०२२ मध्ये. तेवढी वर्षं कागदांची फाईल एकाच माणसाच्या कपाटात ठेवू नका, स्कॅन करून तीन-चार जणांकडे असू द्या, माणसं गाव सोडतात, पुढारी पक्ष बदलतात.

आदेश बाजूनं लागला तर समोरच्याला सुप्रीम कोर्टात जायला ९० दिवस असतात, म्हणून आधीच तिथे कॅव्हेट टाकून ठेवा म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. आणि आदेशातली मुदत उलटून गेली, काहीच झालं नाही, तर नवीन केस करायची गरज नाही. एनजीटीचा आदेश दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, त्याच पीठाकडे अंमलबजावणीचा अर्ज करायचा, सोबत आदेशाची प्रत आणि जागेचे ताजे, तारखेसकट फोटो.